हळद पुन्हा शेतात गेली

“लगीन लावून जा रं भाड्या! मी मेल्यावर कोन लावील तुमचं, तो मुकादम?”

बायजी आत्या टेम्पोमागे धावत होती आणि ओरडत होती. ही माझ्या बापाची थोरली बहीण. ती आमच्या पाड्यावर शिंकली तर पेठच्या बाजारात लोक आभाळ गडगडलं म्हणून दुकानं आवरायचे, असा तिचा आवाज. मुकादमाने ओझरकडच्या द्राक्षबागांसाठी माणसं भरली होती, तीही अशी की खालचा पाय माझा की शेजारच्याचा हे मला उतरल्यावरच कळलं. नुकतीच माझ्याकडे नांदायला आलेली सखू शेजारी बसली होती. तिच्या मांडीवर गाठोडं, गाठोड्यात तांदूळ आणि एक कोंबडी. आत्याची हाक ऐकून कोंबडीने मान आत घेतली. सखूने स्वतःची बाहेर काढली, आणि घाटाचं वळण येईपर्यंत ती मागे बघत राहिली.

गावात राहिलेल्यांना हे ठाऊकच आहे, पण आपली जी पोरं शहरात जन्मली त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे पोरगा-पोरगी पटले, दोन्ही घरं राजी झाली, की पोरगी नांदायला येते. कोणी नाक मुरडत नाही. लगीन मात्र नंतर, घरात पाड्याला जेवू घालण्याइतका भात पिकला की. ते भटजी लावत नाही, धवळेरी लावते. ती बाई गात जाते तसं लगीन पुढे सरकतं. गाणं अडखळलं तर चालतं, मागे जाऊन पुन्हा धरायचं. गप्प पडलं तर लगीन मोडलं. आणि जिचं लगीन लागलं नाही त्या बाईने कुणाच्या हळदीला हात लावायचा नाही. मांडवाबाहेर बसायचं.

बायजी आत्या आमची धवळेरी. सखू बाहेर बसणारी.

लगीन राहून गेलं ते द्राक्षांमुळे. आमच्याकडे लग्नं लागतात तेव्हाच इकडे बाग काढणीला येते, नि तेव्हा बागाईतदार माणसाला स्वतःच्या मयतीलाही सोडत नाही. पुढच्या फाल्गुनात लावू, असं मी सखूला इतक्यांदा म्हटलं की तो फाल्गुन बिचारा मला बघून रस्ता बदलायला लागला. बागेत पत्र्याची खोली होती. ओझरच्या विमानांच्या कारखान्यातलं विमान डोक्यावरून इतकं खाली जायचं की सखू वाळत घातलेलं लुगडं दोन्ही हातांनी धरून ठेवायची. त्याच खोलीत कमळी झाली. पुढे मी टेम्पो चालवायला शिकलो आणि आम्ही नाशकात, द्वारका चौकाच्या मागच्या अंगाला खोली घेतली. सखू ‘सिग्नल’, ‘पार्किंग’, ‘लोडशेडिंग’ असले शब्द असे टाकू लागली की जणू ते तिच्या माहेरच्या शेतात उगवायचे.

अधूनमधून कुणाच्या तरी लग्नाला आम्ही पाड्यावर जायचो. मी आत मांडवात, तोंड चालवत. सखू बाहेर कुडापाशी, तांदूळ निवडत. जाताना नवं लुगडं नेसायची आणि बाहेर बसायची.

मग कमळीचं जमलं. मुलाकडचे सुरगाण्याचे, पण नाशकात स्थिरावलेले. व्याही मोठे गोड बोलायचे, त्यांच्याशी बोलून उठल्यावर चहात साखर नको वाटायची. पण रीत म्हटल्यावर ते दगड. “पाव्हणं, आईबापाचं लगीन लागल्याबिगर पोरीला हळद नाय. आधी तुमचं लावा, त्याच मांडवात. दिवस मावळायच्या आत हळद झाली नाय, तर आम्ही आमचे माघारी.”

सखू एवढंच म्हणाली, “मला दुसरं काय नको. कमळीला हळद मी लावनार.”

मी टेम्पो घेऊन पाड्यावर गेलो. दारं ओढलेली, अंगणात गवत. सगळे द्राक्षात. आसपासच्या पाड्यांवर धवळेरी शोधत फिरलो. कुठली गेलेली, कुठली मुलाकडे ओझरला, कुठलीच्या मागे कुणी शिकलंच नाही. राहिली होती ती बायजी आत्या. हाडांचं एक गाठोडं खाटेवर टाकावं तशी.

“आता बरं लगीन सुचलं रं,” ती म्हणाली. आवाज एवढासा. खाटेवरचं मांजरसुद्धा जागं झालं नाही.

मांडवासाठी तोडलेल्या उंबराच्या फांद्या आणि आत्या, दोन्ही मी टेम्पोत सारखीच जपून घातली. घाट उतरताना ती पुटपुटत होती. मला वाटलं सराव करतेय. जरा वेळाने कळलं, ती मला रस्ता विचारत होती.

खोलीच्या मागे मांडव पडला. पलीकडे हायवेचे हॉर्न, अलीकडे आम्ही नवरा-नवरी पाटावर, माझ्या डोक्याला टक्कल आणि वर बाशिंग. कमळी खोलीच्या दारात, केसाला तेल लावून बसलेली. तिची चुलतसासू म्हणाली, “मी लावते की हळद, त्यात काय.” कमळी म्हणाली, “आय लावंल तर लावंल. नायतर राहू द्या.”

आत्या गाऊ लागली. डोंगरातल्या देवांना बोलावलं, नदीला बोलावलं. मग हळदीचं आलं. या गाण्यात हळद आधी शेतात लागते, वाढते, खणून निघते, वाळते, कुटली जाते आणि मगच मांडवात येते. आत्याने हळद लावली, वाढवली, खणून काढली. आणि पुढचं विसरली. मागे फिरली, हळद पुन्हा शेतात. पुन्हा लावली, पुन्हा खणली, पुन्हा शेतात. त्या दुपारी आत्याने एवढी हळद पिकवली की सांगलीचा बाजार पडला असता.

लोक आधी हसले, मग व्याह्यांनी सूर्याकडे बघितलं. मीही बघितलं. मी आयुष्यात यमाला थापा मारायची तयारी ठेवली आहे, पण त्या सूर्याला सांगायला माझ्याकडे एक थाप नव्हती. मनात आलं, हे आता असंच. आत्या मेली की गाणं संपलं, पोरगी दारात बसून राहणार, सखू तिच्या हळदीच्या वेळीही कुडापाशी, आणि इथे तर कूडसुद्धा नाही, महापालिकेची भिंत आहे. तासाभराचा तर घाट. तो स्वतःच्या लग्नासाठी कधी चढलोच नाही.

आत्याचा श्वास तुटायला लागला. हळद खणून झाली. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

आणि माझ्या शेजारून आवाज आला. बारीक, सपाट, तांदूळ निवडताना गुणगुणावं तसा. हळद उन्हात पसरली. सखू गात होती, मान खाली, बाशिंगाच्या आडून. हळद वाळली. उखळात पडली. आत्याने डोळे उघडले आणि मांडीवर हाताने ताल धरला.

व्याही उठले. “अशानं कुठं असतं का? नवरीनंच स्वतःचं लगीन लावायचं?”

आत्याने त्यांच्याकडे बघितलंही नाही. “गप पडलं का मधी गाणं? नाय ना. मंग बस.”

ते बसले. सखूने आमचं लगीन शेवटापर्यंत लावलं. मग ती पाटावरून उठली, वाटीत बोटं बुडवली आणि कमळीच्या गालाला हळद लावली. ऊन अजून मांडवाच्या वरच्या फांद्यांवर होतं. सखूने एवढी हळद फासली की अर्धी पोरीच्या कानात गेली. कमळीने ती पुसू दिली नाही.

आत्या त्याच पावसाळ्यात गेली. पाड्यावरचं आमचं घरही बसलं, आता तिथे जोतं आणि कारवीचं रान. गाव म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी पूर्वी घाट, भात, तो पाडा असं तासभर सांगायचो, शिवाय वाघ घालायचो, जो मी पाहिलेला नाही. आता लोक जीप पाठवून सखूला लग्नं लावायला नेतात. कधी गंगापूर रोडला, कधी थेट पेठला. मी मांडवाबाहेर त्याच जीपमध्ये बसतो आणि माझं गाव आत चाललेलं असतं.

हळदीच्या त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर सखू नळावर भांडी घासत होती. हात कोपरापर्यंत पिवळे. मी विचारलं, “तुला हे सगळं येत होतं कधीपास्नं?”

“बाहेर बसलं का ऐकू येतंच,” ती म्हणाली. “ते पातेलं द्या इकडं.”