टिकलीवाले लॅपटॉप

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. घरात सलीमचं नाव निघालं की मी कप उचलून गॅलरीत जातो. तिला वाटतं, जुन्या मित्राच्या आठवणीने मी हळवा होतो. होतोच. पण तेवढंच नाही — तुम्हाला सांगतो.

कापूरहोळला भोरचा रस्ता फुटतो तिथे, पंक्चरवाल्याच्या शेजारी आमचं दुकान होतं. आमचं म्हणजे माझं आणि सलीमचं. दोघेही भोरचे, शाळेत एकाच बाकावरचे. पुण्यातल्या कंपन्या जुने लॅपटॉप काढून टाकायच्या, ते आम्ही लॉटने उचलायचो आणि टेम्पोत घालून आणायचो. टेम्पो आला की आम्हाला सण वाटायचा. कुठल्या लॅपटॉपच्या बटणांत फरसाणाचा चुरा, कुठल्या झाकणावर कुणाच्या तरी लेकराने चिकटवलेलं फुलपाखरू. सलीम ते फुलपाखरू नखाने अलगद सोडवायचा आणि दुकानाच्या दारावर लावायचा. दार नुसतं फुलपाखरांनी भरलं होतं! अजूनही एसटी तिथे थांबली की माझी नजर त्या गाळ्याकडे जाते. आता तिथे उसाचा रस मिळतो.

तर, सलीमकडे एक सीडी होती. ती घालून लॅपटॉप सुरू केला की तो स्वतःच्या डिस्कला हात न लावता त्या सीडीवरूनच चालू व्हायचा. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची — मशीन कुठल्या कंपनीचं, मेमरी किती, डिस्क केवढी. मग डिस्कची तपासणी सुरू व्हायची, कोपरा न् कोपरा. तासन्‌तास चालायची. सलीम त्या सीडीला ‘डॉक्टर’ म्हणायचा. डॉक्टरने पास केलं तरच तो बहिणीच्या नेलपॉलिशमध्ये काडी बुडवून लॅपटॉपच्या पोटाला एक लाल टिकली लावायचा. वाटोळी, नेटकी. भोरपासून वेल्ह्यापर्यंत गिऱ्हाईक लॅपटॉप आधी उलटा करून टिकली बघायचं, मग भाव विचारायचं.

अडचण एकच. जुन्या मशीनच्या बॅटऱ्या मेलेल्या, त्यामुळे लाईट गेली की तपासणी बंद. आली की पुन्हा पहिल्यापासून. आणि लाईट तर रोज जायची. सलीम पुन्हा सीडी घालायचा. माझा जीव मात्र वर-खाली व्हायचा. मला वाटायचं, एवढं सोवळं कशाला? चालतंय ना मशीन?

विंझरचा नामदेव लग्नाचे फोटो काढायचा. रोलचा कॅमेरा सोडून नुकताच डिजिटल घेतलेला. एकदा त्याला लॅपटॉप लगेच हवा होता, कारण दुसऱ्या दिवशी वेल्ह्याला लग्न होतं. सलीम पुण्याला लॉट बघायला गेलेला. नामदेव दुकानातल्या स्टुलावर बसून, आणि लाईट सारखी ये-जा करतेय. शेवटी मी नेलपॉलिशची बाटली उघडली आणि टिकली लावली. तपासणी अर्धीच झाली होती.

नाही — हेही पुरतं खरं नाही. अर्ध्या तपासणीत पडद्यावर लाल ओळी उमटल्या होत्या. डिस्क खराब असल्याच्या. मी त्या बघितल्या होत्या. लाईट गेली, पडदा काळा झाला, आणि मला — लाज वाटते लिहायला — मला बरं वाटलं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. नामदेवने लग्नाचे फोटो लॅपटॉपमध्ये घेतले आणि पुढच्या लग्नासाठी कॅमेऱ्याचं कार्ड पुसलं. आठवड्याच्या आत डिस्क टकटक करून बंद पडली. सलीमने नाना खटपटी केल्या, पुण्याला दाखवून आणली. एकही फोटो परत आला नाही. ना अक्षता, ना सप्तपदी, ना पाठवणी.

नामदेव त्याच्या मेव्हण्याला घेऊन दुकानात आला. नवरीच्या बापाने त्याला दारातून परत पाठवलं होतं. सलीमने लॅपटॉप उलटा केला. माझी टिकली बाटलीच्या ब्रशने ओढलेली, एका बाजूला फराटलेली. तो ती बराच वेळ बघत राहिला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी चार्जरची वायर गुंडाळत होतो. किती वेळ गुंडाळत असेन मी ती वायर?

“टिकली आमच्या दुकानाची हाय,” सलीम म्हणाला. “म्हंजे चूक माजी. तुमी मला बोला.”

बोलले ते त्याला.

इथवर सांगून थांबलो असतो, तर तुम्ही म्हणाला असता, तरुण होतास, घाबरलास. पण अजून आहे. जाताना मेव्हण्याने मला बाजूच्या चहाच्या टपरीवर नेलं. मला आपला समजून, हळू आवाजात म्हणाला, “त्यांच्यावर इस्वास ठिवला, तितंच चुकलं बगा.”

त्यांच्यावर म्हणजे कुणावर, हे मला कळलं होतं. ज्याच्या घरचा ईदचा शीरखुर्मा मी वर्षानुवर्षं प्यालो, दिवाळीला जो आमच्याकडे चकल्या पाडायला बसायचा, त्याच्यावर.

मी मान हलवली. होकाराची.

सलीम आमच्या मागेच, ग्लास विसळायच्या पिंपापाशी उभा होता. मेव्हण्यासाठी पाणी घ्यायला आला होता. त्याने पाण्याचा ग्लास आमच्यासमोर ठेवला आणि दुकानात गेला.

महिन्याभरात त्याने दुकान सोडलं. भांडण नाही, वाटणीवरून एक शब्द नाही. सीडी घेऊन गेला. जाताना नेलपॉलिशची बाटली माझ्या हातात ठेवली. “ही तुज्याजवळ ऱ्हाऊ दे,” म्हणाला. “तुला लागंल.”

मला लागली. पुढे कितीतरी वर्षं मी त्या लाल टिकल्या लावत राहिलो. सीडी नव्हती, दुसरी मी आणली नाही. मशीन सुरू झालं की टिकली. बाटली संपली की तशीच दुसरी घ्यायचो. आणि गिऱ्हाईकं माझ्या तोंडावर सांगायची, तो गेला ते बरं झालं, आता टिकलीवर भरवसा ठेवता येतो.

मी त्यांना चहा पाजायचो.