आप्पांनी आखलेली जागा

आमच्यात माणसाला जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, तळहातावर इष्टलिंग ठेवतात, बेल-विभूती वाहतात आणि मग माती लोटतात. आमच्या झरी गावाच्या आसपास हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी माझे वडील, आप्पा, गेले त्या सकाळी शाळेच्या मैदानावर लाकडांनी भरलेली ट्रॉली येऊन उभी राहिली. शेजारी फलक: वीर जवानास मानवंदना.

पाठवणारे आमच्या गावचे पुढारी. स्वतः अंगणात येऊन म्हणाले, "फौजी माणूस हाय पोरी, मानानं अग्नी देऊ. मोठी माणसं यायलेत, फोटो निघतील."

"काका, एवढी मानाची काळजी होती, तर त्यांच्या जागेवर भिंत कशी काय बांधली?"



त्या जागेचं सांगते. आप्पा फौजेत होते तोवर आईनं एकटीनं घर ओढलं. ते सुटून आले तेव्हा तिला लकवा झालेला. सरहद्दीवर जन्म घालवलेला हा माणूस बायकोची वेणी घालायला शिकला. पहिल्या वेण्या नुसत्या दोरखंड. आई अर्ध्या तोंडानं हसत म्हणायची, "बंदूक बांधायले का, एवढं आवळायला?"

"हलू नको. सावधान!"

भाकरी दुधात कुस्करून तेच भरवायचे. आम्हा भावंडांना हात लावू द्यायचे नाहीत.

आई गेल्यावर ओढ्यापलीकडच्या आमच्या दफनभूमीत तिला बसवलं. आप्पांनी तिच्या शेजारी काठीनं चौकोन आखला. "नोकरीपायी लय लांब राहिलो हिच्यापासून. आता इथंच बसणार."

पुढं आप्पा अंथरुणाला खिळले आणि तेवढ्यात पुढाऱ्यांच्या गोदामाची भिंत सरकत सरकत त्या चौकोनावर आली. आई पलीकडं राहिली. आम्ही पत्रकं वाटली, तहसीलसमोर बसलो. साहेब बघतो म्हणाले. अजून बघायलेतच. इकडं आप्पा माझ्या धाकट्या भावाला विचारायचे, "माझी जागा मोकळी हाय ना रे?"

"हाय आप्पा."

त्या सकाळी पुढारी माझ्या प्रश्नाला म्हणाले, "आता वाद नगं. मयत दारात हाय. भिंतीचं मागून बघू."

मी कोपऱ्यातली पहार उचलली. भिंत पाडूनच खड्डा घ्यायचा होता मला. आप्पांचे फौजेतले दोन सोबतीही उठले. धाकट्यानं माझा हात धरला. "ताई, ऊन वाढायलंय. आप्पांना असं किती येळ बसवून ठेवायचं?"

ओसरीवर आप्पांना मांडी घालून भिंतीला टेकवलं होतं. कपाळभर विभूती. मान एका बाजूला कलायला लागली होती, आत्या ती हातानं सावरून धरत होती.

मी पहार खाली ठेवली. भांडणाला सवड असते, मयताला नसते, हे पुढाऱ्यांना पक्कं माहीत होतं.

भिंतीच्या अलीकडं खड्डा घेतला. सोबत्यांनी टाचा जुळवून सलाम केला. जंगम स्वामी खाली उतरले, आप्पांना नीट बसवून त्यांचे खांदे फिरवले. आमच्याकडं तोंड उत्तरेला करतात. उत्तरेला ती भिंत होती.

"आई पलीकडंच हाय, आप्पा," धाकटा काठावरून म्हणाला. मग आम्ही माती लोटली.