एका शिशीतले दोघे

आईच्या जिभेच्या कडेला गाठ आली, ऑपरेशन झालं आणि वर्षभरात ती मानेत परत उगवली. तेव्हा बुलढाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सलाईनमधून द्यायचं वेगळं इंजेक्शन सुचवलं. म्हणाले, हे औषध गाठीला मारत नाही. आपल्या रक्तातल्या पेशीच शरीराची राखण करतात, गाठ त्यांना थोपवून धरते. औषध फक्त तो अडसर काढतं, पुढचं काम तुमच्या पेशींनी करायचं. आईने मान डोलावली आणि बाहेर येऊन मला विचारलं, "मंग डॉक्टर काऊन पाह्यजे?"

औषध महाग, डोस लहान; एका शिशीत दोघांचं भागायचं. शिशी फोडली की त्याच दिवशी संपवावी लागे, म्हणून दोघांना एकाच तारखेला बोलवायचे. आईला जोडीदार मिळाले ते जानेफळचे एक निवृत्त गुरुजी. आम्ही मलकापूरहून घाट चढून जायचो, ते मेहकरकडून एसटीने यायचे. एकाला ताप आला की दुसऱ्याचंही इंजेक्शन पुढे जाई. त्यामुळे आई फोनवर गुरुजींच्या तब्येतीची इतकी चौकशी करायची, की तितकी माझ्या वडिलांच्या तब्येतीची कधी केली नसेल.

पहिल्याच खेपेला तिने भांडण काढलं. कपाशीवर फवारायच्या औषधाचा जोर तळाशी बसतो, हे तिला आयुष्यभर ठाऊक. नर्सने शिशीतलं पहिलं अर्धं तिच्यासाठी काढलेलं पाहून ती कडाडली, "वरचं पानी मले, अन् तळचं गुरुजीले?" मला लाजेने मेल्यासारखं झालं. नर्स समजावून थकली. गुरुजी मात्र गंभीरपणे म्हणाले, "ताईचं बरोबर आहे. पाळी लावा. या खेपेला तळचं त्यांना, पुढच्या खेपेला मला." आणि खरंच तशी पाळी लागली. एवढा शिकलेला माणूस हिला डोक्यावर का बसवतो, म्हणून मी चरफडत होते.

काही महिन्यांनी दोघांचे स्कॅन एकाच दिवशी हाती आले. आईची गाठ आटली होती. गुरुजींची वाढली होती, त्यांचं इंजेक्शन आता बंद. माझा आनंद कुठे लपवावा ते मला कळेना, कारण ते आमच्या शेजारीच बसले होते.

आई डॉक्टरांवर उखडली. "शिशी तं एकच होती ना?"

डॉक्टर म्हणाले, शिशी एक असली तरी शरीरं दोन. काहींच्या पेशी जाग्या होतात, काहींच्या होत नाहीत, आणि का ते दरवेळी आम्हालाही सांगता येत नाही. उत्तर प्रामाणिक होतं, पण मला त्याचा रागच आला. आईने ते ऐकलंच नसावं. ती गुरुजींकडे वळली. "मांगच्या खेपेले तळचं मी घेतलं. तुमच्या वाट्याचं माह्या अंगी लागलं." गुरुजींनी परोपरीने समजावलं, पण तिने पिशवी उचलली. "मले आता नाई घ्याचं."

शिवाय जोडीदार नाही म्हणजे शिशीही फुटणार नव्हती, आणि अख्खी शिशी आमच्या आवाक्यातली नव्हती. आटत आलेली गाठ आता पुन्हा वाढणार होती.

गुरुजी उठून बाहेरच्या हॉलमध्ये गेले. तिथे बाकांवर माणसं दाटीने बसली होती. भिंतीला पाठ लावून त्यांनी वर्गातल्या आवाजात विचारलं, हे इंजेक्शन लिहून दिलंय पण जोडीदार मिळाला नाही, असं कोणी आहे का? त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा मागून सुलतानपूरची एक बाई बिचकत उठली. इंजेक्शन तिलाच लिहून दिलं होतं; नवऱ्याचा हात धरून ती कधीची ताटकळत होती.

गुरुजींनी तिला आत आणलं आणि आपल्या खुर्चीवर बसवलं. आईला म्हणाले, "ताई, तुम्ही गेल्या तर हिलाही मिळणार नाही."

आईने त्या बाईकडे पाहिलं. मग पिशवी खाली ठेवून तिने हात पुढे केला. "गुरुजी, सुई टोचेपर्यंत तरी बसा."

बसायला खुर्ची उरली नव्हती. दोघींची सलाईन संपेपर्यंत ते उभेच राहिले.