मुलुंड ते मढ: बेबी ऑस्टिन आणि काकूचा हार

मढला जायचं ठरवलं ते आमच्या सोसायटीच्या सभेने. समुद्र, सुटी, मनःशांती वगैरे कारणं बाकीच्या ब्लॉगवाल्यांना लखलाभ. मुलुंडची आमची जुनी बिल्डिंग पाडून टॉवर उभा राहिला, जुन्या सभासदांना टॉवरच्या पायथ्याच्या उंच पोडियमवर एकेक पार्किंग मिळालं आणि वसंतकाकाने आपल्या जागेत बेबी ऑस्टिन आणून ठेवली. चारजणांनी ढकलत रॅम्पवरून वर चढवली, हे सगळ्यांनी पाहिलं. सभेत हरकत आली, की पार्किंग वाहनासाठी आहे, भंगारासाठी नाही. सेक्रेटरी गुप्त्यांनी तोडगा काढला: गाडीने मढपर्यंत जावं, स्वतःच्या इंजिनावर परत यावं आणि आपल्या जागेत उभं राहावं. नाही जमलं तर भंगारवाला. साक्षीदार म्हणून ते स्वतः मागच्या सीटवर बसणार होते. मढच का, तर त्यांना तिथले सुके बोंबील हवे होते.

ज्यांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्रजांनी सामान्य माणसासाठी चिमुकली ऑस्टिन सेव्हन काढली, तीच लाडाने बेबी. त्याच सांगाड्यावर कुणी उघडी गाडी बांधली, कुणी बंद टपाची, कुणी मालाची व्हॅन, कुणी शर्यतीसाठी टोकदार शेपटीची. काका ही सगळी भावंडं आरतीसारखी एका दमात म्हणतो, त्यामुळे आमच्याकडे पाहुणे फार थांबत नाहीत. आमची बंद टपाची. आजोबा एका डॉक्टरांकडे ही गाडी चालवायचे आणि डॉक्टरांनी शेवटी ती त्यांनाच दिली. काका गिरणीत फिटर होता. गिरणी बंद पडली, आजोबा गेले, गाडी राहिली. काकू तिला सवत म्हणते. पण ती भंगारात गेली तर काका खचेल, हे काकूला आणि मला पक्कं माहीत होतं.

तुम्हाला हा रस्ता करायचा असेल तर डिसेंबरातला रविवार धरा आणि सकाळी सहाला निघा. आम्हीही सहालाच निघणार होतो, पण आधी पूजा झाली. काकूने नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. पुढच्या लिंबावर चाक चढलं तेव्हा गाडी क्षणभर विचारात पडली. मग काकूने स्वतः ओवलेला झेंडूचा हार आणला. चांगला उशीएवढा जाड, मध्ये आंब्याची पानं. तो तिने तीन पदर करून समोरच्या जाळीवर असा बसवला, की जाळी दिसेनाशी झाली. सवतीचा एवढा मान तिने आजवर केला नव्हता. काका हळवा झाला.

भांडुपपर्यंत सगळं झकास. या गाडीला वळायचे दिवे नाहीत, हात बाहेर काढून दाखवावं लागतं. कांजूरला काकाने उजवीकडे हात काढला, तर शेजारच्या बाइकवाल्याने त्याला टाळी दिली आणि पुढे गेला.

पवईच्या चढाला पहिली वाफ निघाली.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगते, एकच. या गाडीत पाण्याचा पंप नाही. गरम झालेलं पाणी आपलं आपण वर चढतं, समोरच्या जाळीत वाऱ्याने थंड होतं आणि खाली उतरतं. बस, एवढ्यावर तिचा संसार चालतो. काका उतरला, बॉनेटची बाजू उचलली, प्लग काढून पुसले, पट्टा दाबून पाहिला. मग पाणी भरायचं म्हणून हार दोन्ही हातांनी अलगद बाजूला केला, टोपण उघडलं, पाणी ओतलं आणि हार पुन्हा जाळीवर नीट बसवला, एकही फूल पडू न देता. गुप्त्यांनी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘पवई. वाफ.’

जोगेश्वरीला पुन्हा वाफ, पुन्हा फोटो. मेट्रोच्या खांबांखाली गर्दी जमली आणि प्रत्येकाने आपापला रोग सांगितला. रिक्षावाला म्हणाला पेट्रोलमध्ये भेसळ आहे, दूधवाला म्हणाला कॉइल गेली, एका आजोबांनी गाडीला नजर लागल्याचं निदान केलं. ट्रॅफिकवाल्या हवालदाराने फक्त शूटिंग कुठे आहे एवढंच विचारलं. काकाने सगळ्यांचे उपाय केले. जाळीवरचा हार कुणाच्याच तपासणीत आला नाही, कारण हार हा काही गाडीचा पार्ट नाही, ती श्रद्धा आहे. गोरेगावला तिसऱ्यांदा वाफ निघाली तेव्हा काकाचा चेहरा पडला होता. तो फुटपाथवर बसून म्हणाला, “वाट लागली गं. ही परत नाय येवची.” घाबरला की काका मालवणीवर येतो. मलाही रडू येत होतं, पण मागे गुप्ते कॅमेरा धरून होते.

मालाडहून मार्वे रोडला लागल्यावर एका देवळाबाहेर चहासाठी थांबलो. चहा कडक, भजी तेलकट, पण घ्या. दारात एक बाई गाय आणि गवताच्या पेंढ्या घेऊन बसली होती. गुप्त्यांनी पुण्यासाठी पेंढी घेतली आणि गाईपुढे धरली. गाईने पेंढीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, दोन पावलं पुढे आली आणि आमचे चहा संपेपर्यंत काकूचा अख्खा हार पानांसकट खाऊन टाकला. काका हाय खाऊन उभा राहिला. हा अपशकुन की शकुन, यावर गुप्ते बोलत राहिले आणि शेवटी शकुन ठरला, कारण गाय त्यांनी बोलावली होती.

त्यानंतर मालवणी गेलं, आक्सा गेलं, वाफेचा पत्ता नाही. आक्साच्या पुढे काकाने गाडी थांबवली, जाळीवर हात ठेवला, तो भाजला नाही. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “हार होता गं तो. काकूला सांगू नकोस.”

मढला जेवण एका बाईंच्या अंगणात. त्यांची खानावळ घरातच आहे, सकाळी फोन करून कळवावं लागतं. बोंबील, वर्षाचा कुटून बाटल्यांत भरतात त्या बाटलीमसाल्याचं कालवण आणि गरम फुगिया, म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे, तिघांचं मिळून मुंबईच्या एका हॉटेलातल्या सुपाएवढं बिल. बाईंनी गाडीभोवती फेरी मारून विचारलं, हिचा बाकीचा भाग कुठे आहे. शेजारच्या बंगल्यावर शूटिंग चालू होतं, तिथला एकजण गाडी भाड्याने मागायला आला. काका म्हणाला, ती काम करत नाही, प्रवास करते. किल्ल्याकडे आम्ही गेलो नाही, गुप्ते बोंबलांचा भाव करत होते. आणि हो, वर्सोव्याच्या बोटीत कार चढत नाही, त्या भरवशावर कुणी येऊ नका.

परतीला चार काचा उघड्या ठेवल्या तरी बोंबील आमच्या आधी मुलुंडला पोचले असावेत. संध्याकाळी गेटवर अर्धी सोसायटी उभी होती. पुढे काकू, हातात नवा हार. सकाळच्यापेक्षा जाड.

“सकाळचा कुठाय?” तिने विचारलं.

“गाईने खाल्ला,” काका म्हणाला.

“म्हणजे पावला,” काकू म्हणाली आणि जाळीकडे निघाली.

गाडी तापलेली, समोर तो रॅम्प, अट आपल्या जागेत उभं राहायची. काका उडी मारून उतरला आणि काकूच्या आडवा आला. मान खाली घालून म्हणाला, “तिला नको. मला घाल.”

काकू लाजली, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. सगळ्यांसमोर तिने त्याच्या गळ्यात हार घातला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. हारासकट काका पुन्हा बसला. पहिल्या गिअरमध्ये गाडी अर्ध्या रॅम्पवर गचकली. गुप्ते उतरायला तयार नव्हते, साक्षीदार आणि बोंबील शेवटपर्यंत आत हवेत म्हणाले. काकाने गाडी खाली घेतली, वळवली आणि उलटी चढवायला लागला. रिव्हर्सला तिची ताकद जास्त. इंच इंच करत, पाठमोरी, ती रॅम्प चढली आणि आपल्या जागेत जाऊन थांबली. गुप्त्यांनी ग्रुपवर लिहिलं, ‘आली.’ मग आपल्या मुलीच्या लग्नाची तारीख काकाला तोंडी कळवली, वरातीला हीच गाडी हवी म्हणून.

या सहलीतून काय उरलं म्हणाल, तर गाडीला जागा मिळाली आणि मागच्या सीटला बोंबलांचा वास, तो जाईल असं वाटत नाही. काकूला आम्ही काहीच सांगितलं नाही. पण गुप्त्यांचे ग्रुपवरचे फोटो ती दुपारी चष्मा लावून पुन्हा पुन्हा बघत असायची, वाफेचे आणि बिनवाफेचे. काल भाजी निवडताना, वर न बघता, ती मला म्हणाली, “पुढच्या वेळी मी पण येणार मढला. हार मागे बांधू, स्टेपनीला.”