पंपाखाली धरलेला तळहात

"घास नाक. तिथंच, मोरीपाशी," पाटलाची म्हातारी आई म्हणाली.

मी घासलं. कुणी मान दाबली नव्हती, हात उगारला नव्हता. आपण होऊन वाकलो, ओल्या दगडावर नाक घासलं आणि वर म्हणालो, "चुकलो, मायबाप." खरंच चुकलो, असंच वाटत होतं.

वडनेरच्या या पाटलानं परसातल्या विहिरीवर हातपंप बसवला होता. पंपाचं पाणी पन्हळीत पडायचं आणि तिथून न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबात जायचं. पंप पाणी ओढेना, म्हणून मला बोलावणं आलं. शेगावच्या स्टेशनात इंजिनांसाठी पाणी चढवायचा पंप होता. तिथं कोळसा ओढता ओढता मी पंप खोलायला शिकलो होतो. महारानं पंपाच्या लोखंडाला हात लावला तर चालायचं. पाण्याला नाही.

दोष साधा होता. आतली चामड्याची वाटी सुकून आकसली होती. तिला तेल पाजलं, मऊ केली, परत बसवली. सुकलेला पंप वरून पाणी घातल्याशिवाय ओढ धरत नाही. ते पाणी घरची मोलकरीण उंचावरून घालत होती, मी दांडा मारत होतो. पाणी आलं. आणि माझा डावा हात आपोआप पंपाच्या तोंडाखाली गेला. धारेला जोर किती, मध्ये हवा येते का, हे पंपवाला तळहातावरच पाहतो. सवयच ती. माझ्या हातावरचं पाणी पन्हळीतून थेट बंबात गेलं.

बंबात पाटलाच्या बाळंतीण सुनेचं पाणी तापत होतं. थंडीचे दिवस. सगळा बंब ओतून दिला, चिंचेनं घासला. नवं पाणी, नव्या गोवऱ्या. तोवर आत पोर रडत होतं, बाई कुडकुडत होती. मी कुंपणाबाहेर उभा राहून ऐकत होतो. हात तोडून टाकावासा वाटला.

घरी भाकर गेली नाही. बायकोला सांगितलं. तिच्या मांडीवर आमची पोरगी होती, त्या पोराच्या आगेमागेच जन्मलेली.

"त्या लेकराचं वाईट वाटून राह्यलं तुमाले?"

"हाव."

"वाटाले पायजे. लेकरूच थे." तिनं पोरीला पदराखाली घेतलं. "मी बाळंत झाली तवा मायनं नाल्याच्या रेतीत झिरा उकरून पानी आनलं. सरपन नोतं. थंडंच अंगावर घेतलं म्या. तवा वाटलं काही?"

नव्हतं वाटलं. आपल्या घरी असंच असतं, असं धरून चाललो होतो.

"अन् त्या पंपातलं कातडं कोनं सोललं? आपल्याच मानसाईनं न? थ्यानं नाही पानी बाटत?"

मला तिच्याकडे बघवेना. पाटलाच्या पोरासाठी माझं आतडं तुटलं. स्वतःच्या पोरीसाठी कधी तुटलं नाही. याची जी शरम वाटली, ती नाक घासताना वाटली नव्हती.

उन्हाळ्यात पंप पुन्हा अडला. पुन्हा बोलावणं. मी गेलो, पण हत्यारांची पेटी उघडली नाही.

"दुरुस्त करतो, मालक. पन पानी आलं का हात धरीन. अन् ओंजळभर पिईन."

"माजला काय बे?" पाटील म्हणाला. "गावात काम भेटन का तुले मंग?"

"नाही भेटनार," मी म्हणालो आणि पेटी उचलली.

नाहीच भेटलं. पंचक्रोशीत एकानंही पुन्हा पंपाला बोलावलं नाही. बायको निंदायला जाते, मी मिळेल तिथं ओझी वाहतो. पोरगी अर्ध्या पोटी निजते तेव्हा मनात येतं, हिच्या तोंडचा घास मीच काढला. ते खरंही आहे, त्याचा दोष मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. पण ज्या पाण्याला माझ्या पोरीचा हात चालत नाही, ते मी कुणासाठीही वर काढणार नाही.