तिसरा दिवा

मंगळवारी दुपारी प्रमोद धुळ्याच्या बसस्थानकावर पडला. दवाखान्यात नेईपर्यंत गेला होता. फोन आला तेव्हा मी जळगावात त्याच्या स्टुडिओत, त्याच्याच कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. पलीकडच्या माणसाने विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?" मी म्हणालो, "ते संध्याकाळी येणार आहेत." त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं...

दीड महिना झाला. ते वाक्य अजून तोंडातून जात नाही.

त्या सकाळी लग्नाची कॅसेट पोचवायला निघताना प्रमोद म्हणाला होता, "मास्तर, आज तुझ्या शाळेला सुट्टी. बस इथे आणि डिस्क साफ कर, जागाच उरली नाही. बिघडलेलं तेवढं उडव. बघून हं! निबंध तपासतोस तसा लाल पेन घेऊन सुटू नकोस."

आम्ही दोघे दीपनगरच्या वसाहतीतले, शेजारशेजारच्या क्वार्टरमधले. त्याचे वडील, आबा, वीज केंद्रात होते. रात्रपाळी असली की निघण्याआधी, दिवेलागणीला ते ट्यूबलाइट बंद करून देव्हाऱ्यापुढे निरांजन लावत आणि डोळे मिटून बसत. त्यांच्यामागे भिंतीशी आम्ही गृहपाठ घेऊन बसलेले. भिंतीवर आणि आमच्या वह्यांवर आबांची मोठी सावली. प्रमोद कुरकुरायचा, "आबा, दिसत नाही!" आबा डोळे न उघडता म्हणायचे, "दिसत होतं तेव्हा काय दिवे लावले?" निवृत्तीनंतर क्वार्टर सुटलं, पुढे आबा गेले. त्या खोलीतला त्यांचा एकही फोटो नव्हता. लग्नाच्या कॅसेटी आणि केबलच्या जाहिराती सांभाळून प्रमोद वर्षभर ती खोली कॉम्प्युटरवर उभी करत होता... आईला, म्हणजे माईंना, दाखवायला.

खोलीचं ते हलतं चित्र तो एकदम काढत नसे. कॉम्प्युटरला एकेका चित्राला तास तास लागायचे आणि मध्येच वीज जायची. "बठ्ठं एकदम करशी, ते बठ्ठंच जाई," असं तो घरच्या बोलीत म्हणायचा; सगळं एकदम केलं तर सगळंच जाईल. म्हणून खिडकीच्या उजेडाची चित्रं वेगळी, ट्यूबलाइटची वेगळी, निरांजनाची वेगळी, सावल्या त्याहून वेगळ्या. शेवटी सगळं एकावर एक ठेवायचं. "खिडकी मंद केली तर खिडकीच मंद होते बघ, निरांजनाला धक्का नाही," हे त्याने मला एकदा फार आनंदाने दाखवलं होतं. आबा मात्र त्या खोलीत नव्हते. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "चेहरा मला जमायचा नाही रे. सावली जमेल." आणि त्याने फक्त सावली केली.

मंगळवारी मला एका फोल्डरमध्ये काळी चित्रं दिसली. एक उघडलं, दुसरं उघडलं, दहा-बारा उघडली. सगळी काळी, कोपऱ्यात तांबूस डाग. वीज गेल्यामुळे बिघडली असणार, असं मला वाटलं. मी ती पुसून टाकली. बरीच जागा झाली म्हणून स्वतःवर खूश होतो, तेवढ्यात फोन वाजला.

तेराव्यानंतर त्याची वही हाती आली. एका पानावर लिहिलं होतं : तिसरा दिवा, निरांजन. बहुतेक काळंच दिसेल. तेच बरोबर.

ते पान मी किती वेळा वाचलं, सांगता येत नाही. निरांजनाची चित्रं पुन्हा काढायला खोलीची मूळ फाईल हवी, पण ती ज्या फ्लॉपीवर होती, ती उघडत नाही. जळगावात दोघांना दाखवली, दोघांनीही नकारार्थी मान हलवली.

गेल्या रविवारी माई स्टुडिओत आल्या. "भाऊ, पम्या काय करत व्हता ते दाखव." मी सावली उघडली. त्या पडद्याजवळ गेल्या, पदराने चष्मा पुसला, परत पाहिलं. "हाई त्यासनीच सावली शे," त्या म्हणाल्या. "कान दख त्यासना." मग थोड्या वेळाने, "पण दिवा कोठे शे?"

"माई, तो मी पुसला. मला वाटलं, बिघडलंय."

त्या पडद्याकडेच बघत होत्या. "पम्याले सांगेल व्हतं का?"

"नाही. तो आलाच नाही."

जाताना माईंनी पडद्यावरची धूळ पदराने पुसली.

कॉम्प्युटरवर आता खिडकीचा उजेड आहे, ट्यूबलाइटचा आहे आणि आबांची सावली आहे. दिवा नाही.