कोऱ्या चौकोनांचे तपासनीस

कागदावर बोट ठेवायचं, ते तसंच दाबून धरायचं आणि मान वर न करता विचारायचं, "कोनाले इचारलं?"

भाऊंचं ते बोट शाईने कायमचं डागाळलेलं होतं. तक्त्यातल्या ज्या चौकोनावर ते पडे त्या चौकोनाच्या मालकाला तो पुन्हा भरावा लागे. मालक बहुतेक वेळा मीच असे.

तुमच्याही पहिल्या नोकरीत असं एखादं माणूस तुमच्या डोक्यावर बसलेलं असेल. तेव्हा त्याच्या तावडीतून कधी सुटतो असं होतं. मला तर अगदी पहिल्या दिवसापासून झालं होतं.

बहात्तरच्या मोठ्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं झाली होती. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. कापसाच्या एका जिनिंगच्या मागच्या भाड्याच्या हॉलमध्ये पाण्याच्या पाहणीचं तात्पुरतं ऑफिस उघडलं होतं. गावोगाव फिरलेल्या गणकांचे फॉर्म तिथे येत. विहिरी किती, पाणी किती महिने टिकतं, किती घरांना लांबून आणावं लागतं, असे प्रश्न. आम्ही चौघे कोडिंग सहायक. उत्तरांचे आकडे करून ते छापील तक्त्यात उतरवायचे, हे आमचं काम. एका ओळीत ऐंशी चौकोन, एका चौकोनात एक आकडा. तक्ते गठ्ठ्याने नागपूरला जात, तिथे त्यांवरून कार्डांना भोकं पाडत आणि ती कार्डं कॉम्प्युटर वाचत असे. कुठल्या गावाला विहीर द्यायची, कुठे हातपंप बसवायचा, ते त्यावरून ठरणार होतं.

मी नुकताच गणित घेऊन बी.एस्सी. झालो होतो. कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहिला नव्हता, पण कॉलेजच्या वाचनालयात त्यावरचं जे एकुलतं एक पुस्तक होतं ते दोनदा वाचलं होतं. तेवढ्यावर मी स्वतःला त्या लाइनमधला माणूस समजत होतो. मुंबईच्या एका कंपनीत शिकाऊ प्रोग्रामर म्हणून मुलाखत देऊन आलो होतो आणि पोस्टमनची वाट पाहत होतो. खुर्चीत माझा पाय सारखा हलायचा. टेबल एकच असल्यामुळे चौघांच्या शाईच्या दौती त्याबरोबर हलायच्या.

भाऊ आमचे तपासनीस. सगळे त्यांना भाऊच म्हणत. चाळिशी ओलांडलेले, मॅट्रिक, अंगात रोज धुतलेला पांढरा शर्ट. छप्पन साली ते वडिलांबरोबर नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला गेले होते. आठ दिवस चालून पायाला आलेले फोड ते अजून कौतुकाने सांगत. मला ते नावाने कधीच हाक मारत नसत. "काय बीएस्सी, पाय हालवून कापूस पिंजून राह्यला का?" एवढं म्हणाले की बाकीचे तिघे खाली मान घालून हसत.

भाऊंना अंदाज या गोष्टीचं वावडं होतं. ऑफिसच्या साहेबांच्या मुलीच्या लग्नात कुणीतरी सहज म्हणालं की पाचशे पान उठलं. भाऊंनी मांडवातच विचारलं, मोजलं का म्हणून. म्हणणाऱ्याने मोजलं नव्हतं. भाऊ जिलबी तशीच ठेवून पंगतीच्या टोकाला गेले आणि परत येऊन म्हणाले की पाचशे नाही. खरा आकडा त्यांनी साहेबांनाही सांगितला, आणि साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

आमचं पहिलं भांडण एकेचाळीस आणि बेचाळीस नंबरच्या चौकोनांवरून झालं. गावापासून वेगळ्या वस्तीतल्या किती घरांना पाण्यासाठी गावाबाहेर जावं लागतं, हा तिथला प्रश्न. कितीतरी फॉर्मवर त्याचं उत्तर कोरंच असे. कोऱ्या उत्तराला नव्याण्णव टाकायचे आणि फॉर्म चौकशीला परत पाठवायचा, असा नियम होता. पण नव्याण्णव टाकले की गठ्ठा अडायचा. मी एका गावापुढे दोन सुबक शून्यं काढून मोकळा झालो.

बोट आलं. "कोनाले इचारलं?"

मी पुस्तकातलं ज्ञान काढलं. मशीन कोरा चौकोन शून्यच धरतं, मग मी लिहिलं काय आणि न लिहिलं काय, सारखंच, असं त्यांना समजावून सांगितलं. भाऊ शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी फॉर्म घडी करून खिशात घातला, पिशवीत भाकर घेतली आणि मला म्हणाले, चाल.

एस.टी.ने अनसिंगपर्यंत गेलो आणि तिथून पुढे उन्हात पायी. मी मनातल्या मनात माझ्या नशिबाला बोल लावत होतो. गावात शिरल्यावर एका मोठ्या ओट्यावर आम्हाला चहा मिळाला. गणक इथेच बसले होते, मोठे सज्जन माणूस, दोन तासांत सारं गाव लिहून गेले, असं घरमालकाने कौतुकाने सांगितलं. भाऊंनी चहा संपवला, कप धुऊन ठेवला आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला निघाले.

तिथली वस्ती बौद्धांची. बायका नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यापाशी ओळीने बसल्या होत्या. खड्ड्यात पाणी झिरपायचं, वाटीने भरून ते घागरीत ओतायचं, आणि पुन्हा थांबायचं. भाऊंनी तिथल्या म्हाताऱ्या बाईला विचारलं, की मावशी, पाण्याचं लिहून घ्यायला कुणी आलं होतं का?

"वर आलता म्हने कोनी," ती म्हणाली. "आमच्याकडं कोनी आलंच नाही, तं आमी सांगतो कोनाले?"

घरोघर फिरून आम्ही चौतीस घरं मोजली. आकडा भाऊंनी मला लिहायला लावला.  परतताना चालता चालताच ते म्हणाले, "शून्य म्हंजे इचारलं अन् नाही निघालं. हे तं इचारलंच नाही, बीएस्सी. तुही मशीन नागपुरात बसून आहे, तिले कसं समजन? तुले तं पाय आहेत ना."

मला राग आला होता. कुणी खरं बोललं की येतो तसा. त्या दिवसापासून मी जरा नीट काम करू लागलो, पण मन मुंबईला जाऊन बसलं होतं ते काही परत आलं नाही.

शेवटी पत्र आलं. दहा तारखेच्या आत हजर व्हायचं होतं. मी उडी मारून साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, हातातले तीन गठ्ठे पूर्ण करा, तपासनिसांची सही आणा, मगच कार्यमुक्त करतो. हाताशी चार दिवस होते. गठ्ठे उघडले तर त्यांत अकरा गावांचे ते दोन चौकोन कोरे. नव्याण्णव टाकले असते तर फॉर्म परत जाऊन यायला महिना लागला असता, आणि माझी जागा दुसऱ्या कुणाला मिळाली असती.

मी अकराच्या अकरा गावांना शून्यं टाकली.  झिऱ्यावरच्या बायका डोळ्यांपुढे आल्या. मी त्यांना बाजूला सारलं आणि पुढचं पान घेतलं.

गठ्ठे भाऊंपुढे ठेवले आणि समोर उभा राहिलो. ते एकेक पान उलटत होते. एका पानावर बोट थांबलं. मग पुढच्या एका पानावर थांबलं.  त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं, पण नेहमीचा प्रश्न विचारला नाही. माझ्या कार्यमुक्तीच्या कागदावर सही केली आणि तिकडं जेवणाचे हाल करू नको म्हणाले. त्यांच्या लक्षात आलं नाही, असं मी स्वतःला पटवलं. लक्षात आलं असतं तर सोडलं असतं का त्यांनी? गाडीत बसलो तेव्हा खुशीत होतो.

मुंबईत काम शिकलो. पहिल्याच महिन्यात कार्डं वाचण्याचा प्रोग्राम लिहायचा होता. कोरी जागा मशीन शून्य धरतं, ते लक्षात ठेवा, असं शिकवणाऱ्यांनी सांगितलं आणि सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मला लिहवेना. त्यानंतर पुष्कळ दिवस मला एका जागी बसवत नव्हतं. भाऊंना तीन पत्रं लिहायला घेतली. तिन्हींत हवापाण्याच्या पुढे गेलो नाही. अकरा गावांचं लिहायचं तर ती चूक नव्हती, मी जाणूनबुजून केलं होतं, असं लिहावं लागलं असतं. पत्रं फाडली. अशी दोन वर्षं गेली. कामात मी चांगला निघालो, बढतीही मिळाली, आणि तरी कुठे शून्य छापलेलं दिसलं की जीव घाबरा होई.

मग एकदा रजा काढून वाशीमला आलो, फक्त भाऊंना हे तोंडाने सांगायला. ऑफिस उठलं होतं. हॉलमध्ये कापसाच्या गाठी लागल्या होत्या. भाऊंच्या घराला कुलूप. शेजारी कंदील आणि स्टो दुरुस्त करणाऱ्या एका चाचांचं दुकान होतं, तिथे चौकशी केली.

भाऊ मागच्या हिवाळ्यात वारले, असं चाचांनी सांगितलं. छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. बायको पोरींना घेऊन माहेरी गेली. मी तिथल्या बाकावर बसलो. चाचा माझ्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी विचारलं, "मुंबईचे काय तुमी? पाण्याच्या हपिसातले?"

मी होय म्हटलं. ज्याच्यासाठी आलो होतो ते त्या अनोळखी माणसापुढे सगळं बोलून टाकलं, अकरा गावं, शून्यं, सगळं.

"ते मालूम आहे मले," चाचा म्हणाले. "माहीच सायकल नेली होती भाऊनं, बारा रोज. अकराही गावं हिंडला. गठ्ठे उशिरा गेले म्हून साहेबाचा कागद आला त्याच्यावर, तोही घेतला. म्या म्हटलं, ज्यानं केलं त्याले बलाव ना, तू काहून उन्हात मरून राह्यला? तं म्हने, पोरगं आताच लागलं आहे. बलावलं तं सुटन त्याची नोकरी."

कागदावर सही करताना त्यांना सारं दिसलं होतं.  भाऊ माझ्यावर रागावले होते का, एवढंच विचारलं.

"मंग? लय," चाचा म्हणाले. "रोज सायकल आनून लावे अन् इथंच बसून शिव्या दे तुमाले. आयकून आयकून माहे कान पिकले. अन् सकाळी पुन्हा चाबी मागाले हाजर."

काय म्हणायचे ते मला सांगा, अशी मी विनंती केली. चाचांनी जाऊ द्या म्हणून हात झटकला. मी पुन्हा म्हटलं की मला ऐकायचं आहे. तेव्हा त्यांनी हातातला स्टो खाली ठेवला, फडक्याला हात पुसले आणि आठवतील तेवढ्या शिव्या एकेक करून सांगितल्या. मी उभा राहून सगळ्या ऐकून घेतल्या.